खाली स्वच्छ हाय

आमच्या वस्तीवर जीप आली त्याच्या कितीतरी वर्षं आधी तिचा आवाज आमच्या ओळखीचा झाला होता. काटेवाडीला जनावरांचे एक डॉक्टर राहायचे. आमच्या कळंबच्या बाजूला कुणाची म्हैस विताना अडली, कुणाच्या बैलाचं पोट फुगलं, की ते आपली हिरवी जीप घेऊन यायचे. कालव्याच्या भरावावरून गाडी वळली की आधी एक जाडसर घुरघुर ऐकू यायची, मग गिअर बदलताना मध्येच एक उसासा, आणि त्यानंतर आमच्या कुत्र्याचं भुंकणं. आई चुलीपुढून म्हणायची, "डाक्टर आलं गं, चहाचं आधण ठेव." मी आधण ठेवायची आणि बाहेर पळायची. डॉक्टर गोठ्यात वाकलेले असेपर्यंत ती जीप माझी असायची. चाकावर पाय देऊन मी आत चढायची, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायची आणि समोरच्या बाभळीकडं बघत बसायची. डिझेल, औषधं आणि ओलं तरट यांचा मिळून एक वास तिच्यात भरलेला असायचा. पुढं माझं सगळं आयुष्य जुन्या गाड्या तपासण्यात आणि त्यांची किंमत सांगण्यात गेलं. शेकडो गाड्यांची दारं उघडली. पण तसा वास आला की आजही मी हातातला कागद खाली ठेवते आणि थोडा वेळ नुसती उभी राहते.

आमचे पूर्वज मेंढरांमागं हिंडणारे. एका जागी राहून शेती करणारे आमच्या घरात तात्या, म्हणजे माझे वडील, पहिलेच. चार म्हशी, थोडा ऊस, आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करून केंद्रावर घालायचं, हा त्यांचा धंदा. फटफटीला दोन्ही अंगांनी कॅन बांधून ते पहाटे निघायचे. झाकणं एकमेकांवर आपटायची, तो खणखणाट हाच आमचा गजर. उन्हाळ्यात सगळं सुरळीत चालायचं. पण आमची जमीन काळी. चार दिवस पाऊस लागला की वस्त्यांकडच्या वाटांचा नुसता चिखल व्हायचा. फटफटीचं चाक मडगार्डपर्यंत भरायचं, तात्या ढकलत यायचे, आणि तोवर केंद्र बंद झालेलं असायचं. मग ते सगळं दूध आई मोठ्या कढईत ओतायची आणि दिवसभर आटवायची. खवा, बासुंदी, पुन्हा खवा. पावसाळ्यात आमच्या घरी एवढं गोड व्हायचं की मी आणि थोरली ताई आईच्या मागं लागायचो, "आई, हुलग्याचं शेंगोळं कर की गं, जरा तिखट कायतरी." तात्या मात्र त्या खव्याला बोटही लावायचे नाहीत. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेऊन, भिंतीकडं तोंड करून जेवायचे.

ताईचं लग्न होऊन ती गेली त्या वर्षी डॉक्टरांच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू काढूनही संध्याकाळचं नीट दिसेना, तेव्हा त्यांनी जीप विकायला काढली. चारही चाकांना जोर मिळणारी ती गाडी. साध्या गिअरशेजारी एक छोटा दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागायची आणि चिखल असो की ओढा, गाडी बाहेर यायची. बातमी ऐकल्यापासून तात्या रोज एकदा तरी तो विषय काढायचे. आईचा विरोध होता. "पोरीचं लग्न होऊन वरीस न्हाय झालं. आन् एवढी जुनी गाडी घ्यून करायचं काय?" तात्या म्हणायचे, "म्हस घेताना मी काय बघतो? दूध तर बघतोच. पन उद्या बाजारात न्हेली तर कोन घेईल, हे बी बघतो. गाडीचं तसंच."

पण म्हशीचे दात बघता येतात, गाडीचे कुठं बघायचे हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून आम्ही बारामतीला यासीनचाचांकडं गेलो. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड आणि आत गाडीखाली उतरायचा एक खड्डा. माणूस बोलायला मोठा गोड, कामाला कडक. त्या वेळी शिडीवरून पडून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. चहा पीत त्यांनी मला आणि तात्यांना समोर बसवलं आणि जे सांगितलं ते मी पुढं आयुष्यभर लोकांना सांगत आले.

"गाडी घेताना दोन गिऱ्हाइकं डोळ्यांम्होरं धरायची," ते म्हणाले. "एक तुमी. दुसरा, जो उद्या तुमच्याकडनं घेनार हाय तो. तो काय इचारंल ते तुमी आजच इचारायचं. कागदावरचा नंबर आन् गाडीवरचा नंबर एक हाय का? इंजिन तिचंच हाय का दुसरं बशीवलंय? पुढचा दांडा खरंच काम करतोय का नुसता शोभेला हाय? रंगाकडं बघूच नका, रंग कुनीबी मारतो."

"आन् ही जुनी गाडी उद्या कोन घेनार?" तात्यांनी विचारलं.

"जवर कुठंतरी वाट वाईट हाय, तवर हिला गिऱ्हाईक हाय. तुमच्याकडं डांबरी झाली तर दुसरीकडं कुठंतरी चिखल असंलच की. पन एक सांगतो. खाली दोन लांब पोलादी पट्ट्या असत्यात, त्याला चासी म्हंत्यात. सगळी गाडी तिच्यावर बसल्याली. तितं जोड दिसला, वेल्डिंगची शिवण दिसली, तर गाडी सोडायची. मग ती कितीबी स्वस्त असूदे."

दुसऱ्या दिवशी यासीनचाचा आमच्याबरोबर काटेवाडीला आले. कागद बघितले, इंजिन ऐकलं, तात्यांना दांडा ओढायला लावून गाडी शेजारच्या पाणी सोडलेल्या उसाच्या सरीत घातली आणि बाहेर काढली. सगळं ठीक. आता खाली बघायचं होतं. त्यांचा हात गळ्यात बांधलेला. तात्या अंगानं आडवे. चाचांनी माझ्याकडं बघितलं. "पोरी, तू जातीस का? मी सांगितलंय ते ध्यानात हाय न्हवं?" मी ओढणी कमरेला खोचली, बॅटरी घेतली आणि तरटावर पाठ टेकून आत सरकले.

उजवी पट्टी सरळ होती. डावी बघत पुढं आले आणि पुढच्या चाकाच्या मागं हात थबकला. काळा रंग तिथं जरा जास्त जाड होता. नखानं खरवडला तर आत शिवण लागली. बोटाएवढी जाड, पट्टीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी तिच्यावर बॅटरी धरून पडून राहिले. त्याच वेळी वर सीटवर तात्या बसले तशी स्प्रिंग करकरली, आणि ते हसले. डॉक्टर काहीतरी म्हणाले असतील. पण तात्यांना तसं मोकळं हसताना मी ताईच्या लग्नातही बघितलं नव्हतं. मग डॉक्टरांचा आवाज आला, "दुपारी आणखी एक जण बघायला येणार आहे. पण तुम्ही आधी आलात." मला तो चिखल आठवला, ती कढई आठवली. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मला ते स्टिअरिंग आठवलं.

मी बाहेर आले, केसातली माती झटकली आणि म्हणाले, "खाली स्वच्छ हाय."

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या घरातली फार आनंदाची. पावसाळ्यात दूध वेळेवर जाऊ लागलं आणि खव्याची कढई माळ्यावर गेली. तात्या गाडी हाकायचे ते मेंढरं हाकल्यासारखी. चिखल आला की जिभेनं टाळ्याला टकटक आवाज काढायचे आणि म्हणायचे, "चल बाय, चल, थोडं ऱ्हायलं." आणि ती निघायची. ज्या आईनं विरोध केला होता ती पहिल्यांदा इंदापूरच्या बाजाराला निघाली तेव्हा तात्या तिला मागं बसायला सांगू लागले, कारण पुढं मी होते. "मागं बसायला मी काय कॅन हाय व्हय?" म्हणत तिनं मला उठवलं, नऊवारीचा काष्टा सावरला आणि पुढच्या सीटवर अशी ताठ बसली की लासुर्ण्याच्या चौकात दोन बायांनी वळून बघितलं. तिनंही मान किंचित हलवली. पुढं ती जागा तिचीच झाली.

मला तात्यांनी कालव्याच्या भरावावर गाडी शिकवली. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, चुकायला जागाच नाही. वर्षभरात मी एकटी दूध घेऊन जाऊ लागले. लोक बघायचे, काही बोलायचेही. तात्यांना त्याचं काहीच वाटायचं नाही. ते सगळ्यांना सांगायचे, "पोरगी माझ्यापरास जपून चालवती. खड्डा दिसला की गाडी कशी हळू करती बगा." मी खाली मान घालायची. खड्डा आला की माझे कान गाडीच्या पोटाशी जायचे. कुठं करकरलं का, कुठं तडकलं का. आई शेजारी बसलेली असली की मी आणखी हळू चालवायची. ती म्हणायची, "अगं बाजार उठंल तवर!" कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण दिवस जातात तसं सांगणं जड होत जातं. शिवाय गाडी तर चाललीच होती.

मग आमच्याकडं डांबरी रस्ता आला. थेट वस्त्यांपर्यंत. डेअरीचा टेम्पो दारातून दूध उचलू लागला आणि जीपला काम उरलं नाही. तेव्हा यासीनचाचांचं बोलणं खरं ठरलं. आमची वाट चांगली झाली, पण तिला वाईट वाटेवरचं गिऱ्हाईक मिळालं. मारुतराव हे उजनी धरणाच्या जलाशयाकाठचे मासळीचे व्यापारी. इंदापूरच्या बाजारात त्यांनी जीप बघितली होती. पाणी उतरलं की काठाला गाळाचा लांबच लांब उतार उघडा पडतो, तिथं साधी गाडी जात नाही. ते एका सकाळी आमच्या अंगणात आले. आईनं त्यांच्यासाठी मुद्दाम कढई खाली काढून पेढे केले होते. सौदा गोड व्हावा म्हणून.

तात्यांनी त्यांना गाडीभोवती फिरवलं आणि एकेक उणं सांगत गेले. दुसरा गिअर कधीकधी निसटतो. डावं दार दोनदा आपटावं लागतं. पावसात हॉर्न वाजत नाही. शेवटी बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "एवढंच बगा, मारुतराव. याच्याबाहीर लपवन्यासारखं काय न्हाय."

मारुतराव समाधानानं मान हलवत होते. "दार-हॉर्नचं काय घ्यून बसलाय, तात्या. माझ्याकडं सहा-सात बायका असत्यात रोज, मासळी निवडायला. काठावरनं उतरताना सगळ्या मागं बसत्यात. मागच्या साली टेंपो घसरला, तवापासनं माझी धाकली वयनी गाडीत बसायलाच भेती. ही गाडी म्हंजे तिला धीर येईल."

मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. ते मी जोत्यावर ठेवलं.

"तात्या," मी म्हणाले, "गाडी खालनं जोडल्याली हाय."

कुणाला काही कळलंच नाही. मी पुन्हा म्हणाले, "डाव्या चाकाच्या मागं. चासीला जोड हाय."

मारुतरावांनी तात्यांकडं बघितलं. तात्या मात्र माझ्याकडंही बघेनात, त्यांच्याकडंही नाही. ते गाडीशी गेले, गुडघ्यावर बसले, मग कोपरांवर आले, मग टोपी काढून त्यांनी गाल जमिनीला टेकवला. मी दुसऱ्या बाजूनं आत सरकून बोट ठेवून जागा दाखवली. गाडीखाली आमचे दोघांचे चेहरे हातभर अंतरावर होते.

"कवाधरनं?" त्यांनी हळूच विचारलं.

"घेतली तवापासनं."

"तुला दिसलं हुतं?"

"व्हय."

त्यांनी त्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुझी आई बसत हुती हिच्यात. तू बसत हुतीस." एवढंच. ते बाहेर निघाले, टोपी घातली आणि मारुतरावांपुढं हात जोडले. "मला ठावं न्हवतं. तुमाला पटंल न पटंल."

मारुतराव जातील असं मला वाटलं होतं. ते मात्र म्हणाले, "ज्या मिस्त्रीनं घेताना बघितली त्याला दावू आधी." आणि आम्ही तिघं त्याच जीपमधून बारामतीला गेलो. तात्यांनी चालवली. प्रत्येक खड्ड्याला ते गाडी हळू करत होते, मी करायची तशी.

यासीनचाचांनी गाडी खड्ड्यावर घेतली, आत उतरले, हातोडीनं जोडाच्या दोन्ही अंगांनी ठोकून बघितलं. वर आले. "जोड जुना हाय. धरून हाय आजून. पन मानसं बसवायची तर आतनं-बाहीरनं पोलादी पट्टी मारल्याबिगर देऊ नका. आन् किंमत हितनं खाली आली. खरं तर तवाच यायला पायजे हुती." मग हात पुसत माझ्यापुढं येऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पोरी, माझा हात बांधल्याला हुता," ते म्हणाले. "त्या दिशी तुझं डोळं मी उसनं घेतलं हुतं." मी तिथंच, दोन अनोळखी गिऱ्हाइकांसमोर, रडले. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि कामाला लागले.

मारुतरावांनी गाडी घेतली. किंमत बरीच उतरली, पट्टीचा खर्चही तात्यांनी सोसला. तात्यांनी त्यांना विचारलं, "एवढं समजूनबी घेताय?" ते म्हणाले, "आता हिच्यात काय हाय ते मला समदं ठावं झालं. दुसरी बघाय गेलो तर पुन्यांदा पयल्यापासनं." आजकाल माझा भाचा मोबाइलवर जुन्या गाडीचं नाव टाकतो आणि मला क्षणात तिची किंमत वाचून दाखवतो. मग मला मारुतराव आठवतात. त्यांनी पैसे जीपचे दिले खरे, पण त्यातले निम्मे तरी झोप नीट लागावी म्हणून दिले, असं मला नेहमी वाटत आलंय.

जीप गॅरेजात सोडून परत येताना तात्या एसटीतून काटेवाडीला उतरले. मीही मागोमाग उतरले. डॉक्टर व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. तात्यांनी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या आधीच्या मालकाचं काम असेल," ते म्हणाले. "सात वर्षं फिरवली मी ती. एकदाही वाकून खाली बघितलं नाही हो." ते उठून कपाटाकडं निघाले, तेव्हा तात्यांनी त्यांना धरून खाली बसवलं. "पैशासाठी न्हाय आलो, डाक्टर. तुमाला ठावं हुतं का, एवढंच इचारायचं हुतं. न्हवतं ना, मग झालं." निघताना त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर थोपटलं. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

घरी आईला सगळं कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मग तव्यावर भाकरी टाकत म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तरी मी पुढंच बसले असते." आणि मला एकटीला जवळ बसवून तिनं जेवायला वाढलं.

तात्यांचा अबोला लांबला. म्हणजे बोलायचे, पण कामापुरतं. म्हशीला पाणी दाव, पेंडीचं पोतं आत घे. मी माफी मागायला गेले की त्यांना काहीतरी काम आठवायचं. त्यांनी मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर माझं मन हलकं झालं असतं. पंधरा-वीस दिवस गेले. एक दिवस लासुर्ण्याचे दिनकरराव आले. तात्यांच्या ओळखीचे, ऊस बागायतदार. त्यांना एक जुनी जीप घ्यायची होती. गाडी लासुर्ण्यातच होती, मालक घाई करत होता. "तात्या, तुमी गाडी वापरल्याली. जरा येऊन बघता का?"

तात्यांनी अंगरखा चढवला, दारापर्यंत गेले आणि वळले. "शालन," त्यांनी हाक मारली. त्या पंधरा-वीस दिवसांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. "तरट घे. बॅटरी घे. चल."

लासुर्ण्यात गाडीभोवती पाच-सहा माणसं जमलेली. मालक मोठा बोलका. रंग नवा, टायर नवे, सीटवर नवं कव्हर. मी कुणाकडं न बघता तरट अंथरलं आणि खाली गेले. या वेळी मला कसलीच घाई नव्हती. एका टोकापासून सुरुवात केली आणि वीत वीत करून हात फिरवत निघाले. बाहेर मला फक्त पाय दिसत होते. मालकाच्या चपला एकसारख्या इकडून तिकडं होत होत्या. बराच वेळ झाला तसा तो म्हणाला, "अवो तात्या, पोरीच्या जातीला यातलं काय कळनार? तुमी जाणतं मानूस हाय. तुमीच बोला की, घेन्याजोगी हाय का न्हाय?"

तात्यांचे पाय जागचे हलले नाहीत.

"मी काय बोलनार?" ते म्हणाले. "ती खाली हाय. तिला बाहीर येऊंद्या."